नेव्हीतून चीफ म्हणून बाहेर पडतोय, ड्रोन कंपनीत वरपर्यंत जाता येतं का?

कळव्याचा_चीफ

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

मी नेव्हीत एअर टेक्निकल साइडला, चीफ आर्टिफिसर, म्हणजे विमानांची देखभाल करणारा वरिष्ठ खलाशी, ऑफिसर नाही. एप्रिलमध्ये वीस वर्षं पूर्ण करून बाहेर पडतोय. शेवटची सात वर्षं यूएव्ही, म्हणजे बिनपायलटच्या विमानांच्या स्क्वाड्रनमध्ये गेली, आधी कोची मग पोरबंदर, सर्चर आणि हेरॉन ही दोन्ही इस्रायली ड्रोन हाताखालून गेलीत. घर कळव्याला, बायको ठाण्यात शाळेत शिकवते, मुलगी नववीत. लग्नाला सोळा वर्षं झाली त्यातली जेमतेम पाच एकत्र काढलीत, त्यामुळे आता मुंबई-नवी मुंबई सोडायची नाही हे घरात पक्कं ठरलंय.

बिल्डिंगमधले, गावाकडचे सगळे एकच सांगतात, बँकेत नायतर मॉलमध्ये सिक्युरिटीला लाग, पेन्शन आहेच. त्या कामात कमीपणा नाही, माझे दोन बॅचमेट तेच करतात आणि सुखात आहेत. पण विमान सकाळी परत आलं की त्याच्याभोवती फिरून हात लावून बघायची जी सवय लागलीय ना ती सोडवत नाही मला. म्हणून ड्रोन कंपन्या बघतोय.

मागच्या महिन्यात एका कंपनीत इंटरव्ह्यू झाला. पाऊण तासात तीन वेळा विचारलं की वेस्टर्न नेव्हल कमांडमध्ये ओळख कोणाकोणाशी आहे, आणि सात वर्षांत किती विमानं उडवण्यालायक ठेवली हे एकदाही नाही विचारलं. घरी येताना ठाणे लोकलमध्ये खूप निराश वाटलं खरं सांगतो.

मग रात्री वाचत बसलो की या धंद्यात फौजेतून येऊन मोठे झालेले लोक कोण. अमेरिकेचा टॉम कॅसिडी सापडला, नेव्हीचा रिअर ॲडमिरल, फायटर पायलट, मिरामारच्या नेव्हल एअर स्टेशनचा कमांडर होता आणि निवृत्तीनंतर प्रेडेटर ड्रोन बनवणाऱ्या जनरल ॲटॉमिक्सच्या विमान कंपनीचा पहिला प्रेसिडेंट झाला, २०१० पर्यंत तोच होता. वाचून बरं वाटलं पण तो ॲडमिरल आणि मी चीफ. डिप्लोमा इक्विव्हलंट आहे, डिग्री नाही.

तर प्रश्न असा की माझ्यासारख्या माणसाला तिथे वरपर्यंत रस्ता आहे का, की पायलटचं सर्टिफिकेट काढायचं आणि लग्नात शूटिंग करत फिरायचं? आणि सुरुवात कुठून करू?

जुना_तोफखाना

चीफ, आधी तुमच्या सर्व्हिसला सलाम. मी आर्मीतून लेफ्टनंट कर्नल म्हणून निघालो, तोफखाना. नव्या मंडळींना माहीत नसेल म्हणून सांगतो, आर्मीची यूएव्ही २०२१ पर्यंत तोफखान्याकडेच होती, मग आर्मी एव्हिएशनकडे गेली. म्हणजे देवळालीत तोफ शिकलेला मी पुढे सर्चरच्या ट्रूपवर, म्हणजे तुकडीवर. गेली आठ वर्षं या इंडस्ट्रीत आहे, आता ट्रायल आणि क्वालिटी दोन्ही माझ्याकडे आहे.

तुमच्या इंटरव्ह्यूबद्दल वाचून माझी पहिली नोकरी आठवली. मलाही ओळखीसाठीच घेतलं होतं. हुद्दा छान, व्हाइस प्रेसिडेंट, केबिन, गाडी, आणि काम काय तर दिल्लीला जाऊन जुन्या लोकांसोबत चहा पिणं. चीफ, एक लक्षात ठेवा, फौजेत दर दोन-तीन वर्षांनी माणूस बदलतो, तुमच्या फोनमधले नंबर तेवढ्याच दिवसांत निरुपयोगी होतात. दीड वर्षाने माझा कोर्समेट ज्या खुर्चीत होता तिथे दुसरा आला आणि मला कंपनीत विचारेनासं झालं.

त्याच काळात डोंगरात ट्रायल होती. नो कॉस्ट नो कमिटमेंट, म्हणजे सगळा खर्च कंपनीचा आणि फौजेवर घ्यायचं बंधन काहीच नाही. पोरांनी बॅटऱ्या रात्रभर गाडीत ठेवल्या, बाहेर पाणी गोठलेलं. सकाळी टेकऑफ घेतला, लोड लावलेला, मुळात साडेतीन हजार मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या सत्तर टक्केच घट्ट असते त्यामुळे पंख्याला जास्त फिरावं लागतं, जास्त करंट ओढला, थंड बॅटरीचा व्होल्टेज धाडकन पडला आणि मशीन दगडात. सहा महिन्यांची मेहनत चाळीस सेकंदात गेली. बॅटरी स्लीपिंग बॅगमध्ये अंगाशी घेऊन झोपायचं असतं हे माझ्या ट्रूपमधल्या कुठल्याही हवालदाराने सांगितलं असतं. मलाही माहीत होतं. पण मी दिल्लीत होतो आणि मला कोणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःहून फोन केला नाही. ते माझ्या मनाला अजून लागून राहिलंय.

परत आल्यावर मालकाला सांगितलं, केबिन नको, मला असेंब्ली हॉलमध्ये टेबल द्या. पगार कमी झाला. माझी खरी नोकरी तिथून सुरू झाली असं मी मानतो.

आता कॅसिडीचं. तुम्ही अर्धीच गोष्ट वाचलीत. प्रेडेटरचं मूळ एब्राहम करेम या माणसाकडे जातं. बगदादमध्ये जन्मलेला, इस्रायलच्या एअर फोर्समध्ये इंजिनीअर, पुढे अमेरिकेला गेला आणि लॉस एंजेलिसजवळ घराच्या गॅरेजमध्ये अल्बाट्रॉस नावाचं विमान बांधलं. त्यातून अंबर, त्यातून नॅट-७५०. त्याच्या विमानाची खासियत काय तर ते पडत नव्हतं, तासन् तास हवेत राहायचं. पण कंपनी बुडाली, ती शेवटी जनरल ॲटॉमिक्सकडे आली, आणि मग १९९४ च्या जुलैत प्रेडेटर पहिल्यांदा उडालं, पुढच्याच वर्षी बाल्कनमध्ये कामावर. करेमकडे यंत्र होतं, पण वापरणाऱ्याला काय हवंय आणि ते त्याच्या गळी कसं उतरवायचं हे कॅसिडीला कळत होतं. दोघांपैकी एकटा कोणी असता तर जमलं नसतं असं माझं मत आहे. आणि करेम काही ॲडमिरल नव्हता.

दुसरं नाव सांगतो, जो डायर. हाही अमेरिकन नेव्हीचाच, व्हाइस ॲडमिरल, टेस्ट पायलट, नेव्हीच्या विमानांची खरेदी-देखभाल बघणाऱ्या नेव्हल एअर सिस्टिम्स कमांडचा प्रमुख. २००३ मध्ये आयरोबोटमध्ये गेला, तीच कंपनी जी घरात झाडू मारणारा रोबो बनवते, आणि तिच्या सरकारी रोबोंचा विभाग सांभाळला, बॉम्ब तपासणारा पॅकबॉट वगैरे. टेस्ट पायलटचं अर्धं आयुष्य मशीनमध्ये काय चुकतंय ते नेमक्या शब्दांत लिहिण्यात जातं. तुमच्या स्नॅग शीटमध्ये, म्हणजे बिघाडाच्या नोंदीत, तुम्ही वीस वर्षं तेच केलंय चीफ. रँक वेगळी, काम तेच.

महापे_वाली_इंजिनीअर

कर्नल सरांच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. मी नवी मुंबईत ड्रोन हार्डवेअरमध्ये आहे, सात वर्षं झाली. दादा, तुम्ही कळव्याला राहता म्हणजे ठाणे-बेलापूर रोडवर सगळं तुमच्या हाताशी आहे. आयडियाफोर्ज ही ड्रोन कंपनीसुद्धा महापेलाच. २००७ मध्ये आयआयटी मुंबईच्या मुलांनी काढलेली, डीआरडीओच्या पुण्यातल्या लॅबबरोबर नेत्र ड्रोन केलं, २०२१ मध्ये आर्मीची स्विच ड्रोनची मोठी ऑर्डर मिळाली आणि २०२३ मध्ये ६७२ रुपये भावाने शेअर बाजारात आली. काढणारे फौजेतले नव्हते, इंजिनीअर होते. हे मुद्दाम सांगतेय, कारण आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्या अशाच आहेत, पोरं हुशार पण मशीन रोज वापरणाऱ्याच्या हातात गेल्यावर तिचं काय होतं ते त्यांनी पाहिलेलं नसतं. ती जागा तुमची.

माझे आधीचे बॉस एअर फोर्सचे सार्जंट होते. ऑफिसर नाही, सार्जंट. फील्ड सर्व्हिस इंजिनीअर म्हणून लागले, ग्राहकाकडे जायचं, मशीन दुरुस्त करायचं, यायचं. आल्या आल्या त्यांनी पहिली गोष्ट काय केली माहितीये, टूलबॉक्समधल्या प्रत्येक पान्याची फोममध्ये आकारानुसार जागा कापली. काम संपल्यावर एक जागा रिकामी दिसली की मशीन बंद करता येणार नाही, पाना शोधा. आम्ही सगळे चोवीस-पंचवीसचे, कंटाळायचो. तिसऱ्या आठवड्यात मोटरच्या खाली ॲलन की सापडली. त्यानंतर कोणी काही बोललं नाही.

दुसरं म्हणजे आमच्याकडे तक्रारी व्हॉट्सॲपवर यायच्या, "ड्रोन हलतोय", एवढंच. त्यांनी फॉर्म केला, किती वाजता, वारा किती, कितवी बॅटरी, तिची किती चार्जिंग झाली, शेवटचा पार्ट कधी बदलला, कोणी बदलला. वर्षभराने त्या फॉर्मवरून कळलं की एका बॅचच्या मोटर ठरावीक तासांनंतर जातात, म्हणजे डिझाइनवाल्यांना जे सिम्युलेशनमध्ये दिसलं नाही ते त्या कागदांवर दिसलं. पुढे ते सपोर्टचे प्रमुख झाले, मग ट्रेनिंग त्यांच्याकडे आलं, आता दुसऱ्या कंपनीत ऑपरेशन्सचे हेड आहेत. डिग्री अजूनही नाही.

पण त्यांना जड काय गेलं तेही सांगते. मीटिंगमध्ये बोलायचेच नाहीत. मालक म्हणाला पंधरा दिवसांत डिलिव्हरी, तर होणार नाही हे माहीत असूनही "येस सर". मग रात्री मला फोन करून सांगायचे की होणार नाही. हे बदलायला त्यांना दोन वर्षं लागली. स्टार्टअपमध्ये नाही म्हणणारा माणूस जास्त कामाचा असतो दादा, फक्त कारण सांगता आलं पाहिजे. आणि पंचवीस वर्षांचा मुलगा नावाने हाक मारेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, तो अनादर नसतो.

शिकायचं म्हणाल तर एक्सेल नीट, आणि फ्लाइट लॉग वाचायला शिका. मिशन प्लॅनर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, अर्डूपायलट या ऑटोपायलटचे लॉग त्यात उघडतात, व्हायब्रेशन, करंट, जीपीएस, सगळं आलेखात दिसतं. तुम्ही हाताने आणि कानाने जे ओळखता ते आलेखात कसं दिसतं एवढंच शिकायचंय.

जाता जाता माझाच एक प्रश्न, चालेल ना? अलिबागच्या किनाऱ्यावर तीन आठवडे सर्व्हे केला आणि आमच्या बॅटरी कनेक्टरला हिरवट थर आलाय, दोन मशीन हवेत असताना लो व्होल्टेजचा इशारा देतात, बॅटरी मात्र ठणठणीत. पुसलं की चार दिवस बरं, परत तेच. तुम्ही काय केलं असतं?

रनवे_कर्जत

मी ट्रेनिंग स्कूलमध्ये इन्स्ट्रक्टर आहे, सर्टिफिकेटपुरतं सांगतो.

ड्रोन रूल्स २०२१ च्या ऑगस्टमध्ये आले, त्यात वजनाप्रमाणे वर्ग आहेत, २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, २५ पर्यंत स्मॉल, १५० पर्यंत मीडियम, त्यावर लार्ज. रिमोट पायलट सर्टिफिकेट दहावी पास आणि वय १८ ते ६५ असेल तर मान्यताप्राप्त शाळेतून मिळतं, दहा वर्षं चालतं. काढून ठेवा, अडचण नाही. पण आमच्याकडून दर आठवड्याला पोरं ते घेऊन बाहेर पडतात, नुसत्या त्याच्यावर नोकरीत पुढे जाता येत नाही हे मी इन्स्ट्रक्टर असून सांगतोय. त्यापेक्षा इन्स्ट्रक्टर होण्याकडे बघा, फौजेतल्या माणसाला शिकवायची शिस्त असते.

आणि मुंबईत उडवून सराव करू असं डोक्यात असेल तर काढून टाका. एअरपोर्टपासून ५ किलोमीटर रेड झोन, म्हणजे परवानगीशिवाय बंदी, शिवाय नेव्हीचे तळ, ट्रॉम्बेला बीएआरसी, वरून पोलिसांचे बंदी आदेश अधूनमधून निघतच असतात. नवी मुंबईचं एअरपोर्ट झाल्यापासून उलवे-पनवेलकडचा नकाशाही बदललाय. प्रत्येक वेळी सरकारच्या डिजिटल स्काय साइटचा नकाशा बघूनच बाहेर पडायचं.

कळव्याचा_चीफ

सगळ्यांचे मनापासून आभार. कर्नल सर, बॅटरीचं वाचून पोटात गोळा आला.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर लिहितो, जरा नीट विचार करून.

सर एक अडचण आहे. इंटरव्ह्यूत मी काय बोलू आणि काय नको हेच कळत नाही, भीतीने मी इतकं कमी बोलतो की समोरच्याला वाटतं याला काही येत नाही. आणि डीजीआरच्या (फौजेतून निघणाऱ्यांच्या पुनर्वसन खात्याच्या) कोर्सचा काही उपयोग?

जुना_तोफखाना

फार महत्त्वाचं विचारलंत. ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट निवृत्तीनंतरही लागू असतो, त्यात सूट नाही. मी स्वतःसाठी एक रेघ आखलीय. आकडे, फ्रिक्वेन्सी, रेंज, कुठून उडालं, कुठे गेलं, काय दिसलं, किती मशीन चालू किती बंद, यातलं काहीही नाही, घरीसुद्धा नाही. पद्धत मात्र सांगता येते. म्हणजे एखादा स्नॅग परत परत येत असेल तर तुम्ही तो कसा शोधता, मशीन कधी उडू देत नाही, वरिष्ठ घाई करत असताना सही करायला नकार कसा देता, हाताखालच्या नव्या मुलाला वर्षभरात तयार कसं करता. त्यात कुठलंच गुपित नाही आणि तुमचा सगळा कस त्यातच आहे. समोरचा आकडे काढायला बघत असेल तर ती कंपनी सोडा, उद्या अडचणीत तुम्ही याल, तो नाही.

डीजीआरचा कोर्स मिळत असेल तर अजून सर्व्हिसमध्ये आहात तोवर घ्या, एकदा डिस्चार्ज झाला की पगारासकट शिकायला कोण देतं. लॉजिस्टिक्स किंवा क्वालिटीचा मिळाला तर ड्रोन पायलटपेक्षा मी तो घेईन.

अजून एक. या वेळी जागा खरंच आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ३१ एमक्यू-९बी या अमेरिकन ड्रोनचा करार झाला, त्यातली १५ तुमच्याच नेव्हीची, आणि त्यांची देखभाल-दुरुस्ती भारतात करायचीय. देशात बनणारं दृष्टी-१० ड्रोन आलंय. २०२२ पासून तयार परदेशी ड्रोन आणायला बंदी, संरक्षण-संशोधनाची सूट सोडली तर, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत चिनी सुट्या भागांवरून चारशे ड्रोनची कंत्राटं रद्द झाली, तेव्हापासून सगळ्या कंपन्या प्रत्येक पार्ट कुठून आला त्याचा कागद मागतायत. पार्टच्या कागदाशिवाय पार्ट न लावणं हे तुम्ही विसाव्या वर्षी शिकलात, इथे ते शिकवायला माणसं मिळत नाहीत. इंटरव्ह्यूत हे वाक्य बोला.

माझगावचा_खलाशी

मी मर्चंट नेव्हीतला, मध्येच बोलतो. सगळे आकाशाकडेच का बघताय? माणूस नसलेल्या बोटीही आहेत. मातंगी नावाची बोट २०२४ मध्ये मुंबईहून तुतिकोरिनला निघाली, दीड हजार किलोमीटर, बनवणारी सागर डिफेन्स, आणि तिचा संस्थापक आमच्यातलाच, मर्चंट नेव्हीचा कॅप्टन. त्यांनीच माणूस घेऊन उडणारं वरुण ड्रोन नेव्हीला दाखवलं होतं. म्हणजे फौजेतला ऑफिसर नसूनही समुद्र माहीत असलेला माणूस या धंद्यात कंपनी काढून बसला.

चीफ, तुम्हाला विमान माहीत, समुद्र माहीत, खारं पाणी माहीत. आयडेक्स या संरक्षण खात्याच्या योजनेचंही वाचा, २०१८ ला सुरू झाली, स्टार्टअपला दीड कोटीपर्यंत अनुदान, तिच्याच प्राइम प्रकारात १० कोटीपर्यंत. आज नाही, पण पाच वर्षांनी दोन चांगली पोरं जोडीला घेऊन तुम्ही स्वतः का नाही? नुसतं मनात ठेवा.

कळव्याचा_चीफ

खलाशी दादा, हे डोक्यातच आलं नव्हतं. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली आधी घरी तर या.

सर, तुम्ही म्हणालात तशी पद्धत कागदावर लिहायला घेतलीय, एक पान झालंय. मुलीने लॅपटॉपवर मिशन प्लॅनर टाकून दिलंय, नेटवर कोणीतरी टाकलेला लॉग उघडून बघितला, व्हायब्रेशनचा आलेख बघून एका बाजूचा प्रोपेलर गेलाय असं वाटलं मला, बरोबर की चूक ते कोणाला तरी दाखवीन.

ताई, तुमच्या कनेक्टरचं. हिरवा थर म्हणजे वरचा मुलामा गेलाय आणि आतला धातू उघडा पडलाय, तो पुसून बरा होत नाही, बदलायलाच लागेल. आणि नर-मादी दोन्ही एकदम बदला, एकच नवा लावला तर जुना त्यालाही खराब करतो. खरा घोटाळा मात्र मला वायरच्या आत वाटतो. सोल्डरच्या जोडापासून वायरचं कव्हर बोटभर सोलून बघा, तांबं काळं-हिरवं दिसलं तर खारं पाणी आत चढलंय, चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत मागे जा आणि मग नवीन जोड द्या. वर ग्लू असलेली हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी नळी), साधी नको. किनाऱ्यावरून आल्यावर रोज संध्याकाळी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवून, पूर्ण वाळवून मगच डब्यात, डब्यात सिलिका जेल, आणि ते ओलं झालं की बदलायचं, बरेच जण ठेवून विसरतात. आणि एक सोपी तपासणी, लँडिंग झाल्या झाल्या इन्फ्रारेड थर्मामीटर सगळ्या कनेक्टरवर धरा आणि आकडे लिहून ठेवा. जो बाकीच्यांपेक्षा गरम लागतो तो पुढचा जाणार. ती दोन मशीन तोपर्यंत उडवू नका, मालक काहीही म्हणू दे. सोललेल्या वायरचा फोटो इथे टाका, बघून सांगतो.